नायब सुभ्यांचे नाक

अरविंद कारखानीस यांचे नाक दोन वर्षांत साधारण अकराशे मुलांनी मोजले. हा आकडा त्यांचाच. विमा कंपनीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाची आकडे ठेवायची सवय सुटत नाही.

बडोद्याच्या अकोटा भागात शिल्पकार धनाजीरावांचा जुना स्टुडिओ आहे. उंच छत, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, भिंतीला टेकलेले प्लास्टरचे हात, पाय, मुखवटे. धनाजीरावांना जाऊन साठ वर्षे झाली. एका संस्थेने स्टुडिओ दुरुस्त करून तिथे शाळकरी मुलांसाठी आणि वस्त्यांतल्या मोठ्यांसाठी वर्ग सुरू केले, तेव्हा सुभानपुऱ्यातल्या घरी मोहनाबाईंनी नवऱ्याला जाहिरात वाचून दाखवली.

"स्वयंसेवक हवेत म्हणे. मला भेंडी कशी चिरायची ते शिकवता, त्यापेक्षा तिथे मुलांना शिकवा. ती तासाभराने घरी तरी जातात."

ते गेले, आणि पहिल्याच दिवशी कोपऱ्यात त्यांना पणजोबा सापडले.

प्लास्टरचा अर्धपुतळा, भरघोस मिशा, डोक्यावर दरबारी पगडी. घरच्या फोटोत दत्ताजीराव कारखानीस हीच पगडी घालून बसले होते. फोटोत डाव्या बाजूची एक घडी जरा सुटली होती, ती इथेही तशीच सुटलेली. धनाजीरावांनी त्यांचा पुतळा करायला घेतला होता, असे घरात सांगतही असत. दत्ताजीराव बडोदे संस्थानात नायब सुभे होते, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या हाताखालचे. कारखानिसांच्या घरात त्यातला 'नायब' तीन पिढ्यांपूर्वीच गळून पडला होता.

स्टुडिओत मुलांना मापे घ्यायला शिकवत. त्यासाठी कॅलिपर असे, दोन वाकड्या पायांचा मोठा चिमटा. अरविंदरावांनी त्या धड्यात स्वतःची भर घातली. आधी पुतळ्याचे नाक मोजायचे, मग त्यांचे. "सहा सेंटिमीटर," ते आधीच सांगून टाकत, आणि मुलांचे उत्तर दोन्ही वेळा सहाच येई. पेपर वाटायच्या आधी उत्तर फळ्यावर लिहावे, तसाच हा प्रकार. पण हे त्यांच्या लक्षात यायला दोन वर्षे लागली. तोवर ते याला रक्ताचा पुरावा समजत होते.

यंदा पुतळ्यांखाली पाट्या लावायचे ठरले. वर्गांचे काम पाहणारी मुग्धा नम्र होती आणि चिवटही.

"काका, घरच्या आठवणी आहेतच. पण एखादा कागद?"

"कागद कशाला? नाक आहे की."

मुग्धाने वहीत 'नाक' असे लिहून घेतले. शनिवारी संध्याकाळी मजकूर छापायला जाणार होता, रविवारी कार्यक्रम. अरविंदरावांनी पुण्याच्या धाकट्या बहिणीला, उल्काला, तिकीट काढायला लावले. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुतळ्याचा आणि स्वतःचा, एकाच बाजूने काढलेला फोटो टाकला. त्यासाठी ते आदल्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आले होते. मिशा ठेवाव्यात असेही मनात येऊन गेले, पण मोहनाबाईंच्या एका नजरेत तो बेत संपला.

शनिवारी सकाळी वर्ग जोड्यांचा होता. एक शाळकरी मूल आणि प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेला एक कारागीर, अशी जोडी. पणजोबांपाशी सातवीतली सानवी आणि नटुभाई मिस्त्री आले. ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात नटुभाईंची चाळीस वर्षे गेली होती. मुग्धा बाहेर छापखान्याशी फोनवर बोलत होती. अरविंदरावांनी नेहमीप्रमाणे नाक पुढे केले.

"सहा," ते म्हणाले.

"थांबा ने, आजोबा. नटुदादा म्हणतात, आधी माप, मग आकडा." तिने पुतळ्याचे नाक मोजले. पाच. अरविंदरावांचे मोजले. सहाच्या थोडे वर.

"प्लास्टर आकसतं," अरविंदराव म्हणाले.

"प्लास्टर तो फूले, साहेब, फुगतं," नटुभाई म्हणाले. "आकसतं ते लोखंड."

"आणि ह्यांच्या कानाच्या पाळीला केवढं भोक आहे," सानवी म्हणाली. "तुमच्या पणजोबांच्या फोटोत आहे?"

अरविंदरावांनी मोबाइलवर घरचा फोटो उघडला. त्यात नव्हते. आजवर त्या फोटोत त्यांनी पगडी आणि नाक सोडून काही पाहिलेच नव्हते.

नटुभाईंचे लक्ष कपाळाकडे होते. पगडीच्या काठाखाली केसाएवढी रेघ गेली होती. त्यांनी ती नखाने चाचपली. "हे वेगळं आहे. वरून बसवलेलं. काढून बघू?"

"बघा, बघा," अरविंदराव म्हणाले. कारखानिसांची पगडी अशी कोणाच्या हाताने उतरते थोडीच.

नटुभाईंनी ती किंचित फिरवली आणि डब्याच्या झाकणासारखी उचलली. आतल्या सपाट डोक्यावर प्लास्टर ओले असतानाच खिळ्याने कोरून ठेवले होते: 'मोती माळी. पगडीच्या घड्यांसाठी बसवला. नायब सुभ्यांस सवड नाही.'

तिघांनी ते वाचले. नटुभाई पगडी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "पाछी मूकी दउं, साहेब? परत ठेवतो. सांधा चांगला आहे, कळणार नाही."

अरविंदरावांनी दाराकडे पाहिले. मुग्धा अजून फोनवरच होती. उल्का रात्रीच्या गाडीत बसणार होती. ग्रुपवर त्रेचाळीस माणसे होती, त्यांतल्या एकोणिसांनी हात जोडले होते. रविवारचे चार शब्द त्यांनी आरशासमोर म्हणूनही पाहिले होते, नाक दिसेल अशा कोनात. आणि पणजोबांना स्वतःच्याच पुतळ्यासाठी सवड झाली नव्हती.

सानवी पेन्सिल घेऊन थांबली होती. "आजोबा, पुतळ्याचं नाक किती लिहू? सहा?"

ती खरोखरच विचारत होती. त्यांनी सांगितले असते तर तिने सहा लिहिले असते. अकराशे मुलांनी लिहिले होते.

"किती आलं होतं?"

"पाच."

"मग पाच लिही." त्यांनी नटुभाईंना पगडी बाजूला ठेवायला सांगितले आणि मुग्धाला हाक मारली.

पाटीचा मजकूर त्यांनीच सांगितला. 'मोती माळी. पगडी: दत्ताजीराव कारखानीस, नायब सुभे.'

"नायब ठेवायचं?" मुग्धाने विचारले.

"ठेव. धनाजीरावांनी ठेवलंय."

दुपारी त्यांनी उल्काला फोन केला. सगळे ऐकून ती म्हणाली, "मग मी येऊ की नको?"

"ये. पगडी आपलीच आहे."

"दादा, पगडी बघायला मी आठ तास बसू?"

"बस. नाक मी दाखवतो."

रविवारी पगडी पुतळ्याच्या शेजारी वेगळ्या चौरंगावर ठेवली होती. अरविंदरावांनी आरशासमोरचे चार शब्द खिशातच ठेवले आणि जमलेल्यांना कोरलेली ओळ वाचून दाखवली. मोहनाबाई मोती माळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"तरीच," त्या उल्काला म्हणाल्या. "दोन वर्षं मला प्रश्न पडला होता, कारखानिसांत इतका शांत चेहरा आला कुठून."