भरदुपारचं जाळं

लिहायला बसलो, याबद्दल वाचकांची आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पण पंचनाम्यांपलीकडे फारसं लिहिलेलं नाही. तरी ती घटना आजही आठवते, म्हणून नावं न घेता सांगतो.

ऐंशीच्या दशकात फौजदार म्हणून माझी नेमणूक नागपूर जिल्ह्यात, पारशिवनीच्या पुढे होती. तिथल्या जलाशयामधून राज्याची हद्द जायची. आमच्या बाजूला इंजिनाच्या नावेने वेग कमी ठेवायचा आणि जाळ्यांपासून लांब राहायचं, असा नियम होता. पलीकडे, मध्य प्रदेशात, तसं बंधन नव्हतं. पाण्यावर हद्दीची खूण मात्र कुठेच नव्हती.

एके दिवशी वल्ह्याची नाव चालवणारा एक नावाडी मोडलेला हात गळ्यात बांधून ठाण्यात आला.

"साहेब, लहान भावानं इंजिन अंगावर घातलं. नाव उलटवली. मले मारूनच टाकाचं होतं त्याले!"

काठावरचे साक्षीदारही मिळाले. धाकट्याला ताब्यात घेतलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं असतं, तर त्याची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली असती. तो एवढंच म्हणत होता, "मी पलीकडून रोजच्यासारखाच येऊन राहिलो होतो. तिथं जाळं कधीच नसते साहेब."

पंचनाम्याला गेलो तेव्हा मला खटकलं. तिथले लोक जाळं दिवस मावळताना टाकतात आणि पहाटे काढतात. भरदुपारी नितळ पाण्यात मासा जाळं पाहूनच वळतो. हे जाळं मात्र नाव उलटली त्या दुपारीच टाकलेलं, आणि तेही हद्दीच्या जेमतेम अलीकडे, धाकट्याच्या वाटेत.

थोरल्याला समोर बसवलं, चहा दिला.

"दुपारी जाळं काहून टाकलं गा?"

त्याने कप खाली ठेवला. मग एकदम फुटला. "त्याच्या नावेत वऱ्हाड बसते साहेब, अन् माझ्या नावेत बकऱ्या! माझी सख्खी बायको माहेराले जाते, तेबी त्याच्याच नावेत!"

जाळं फाटेल, नियम मोडला म्हणून भावाचा परवाना जाईल, एवढाच त्याचा बेत होता. इंजिनात अडकलेल्या जाळ्याच्या ओढीने आपलीच नाव उलटेल, हे त्याला वाटलं नव्हतं. हात मोडल्यावर मात्र त्याने फिर्याद वाढवून सांगितली.

धाकटा सुटला. खोट्या फिर्यादीबद्दल थोरल्यावर खटला झाला.

मी एवढंच शिकलो, की परक्याची भरभराट माणूस सोसतो. एका ताटात जेवलेल्याची सोसत नाही. पुढे कुठल्याही फिर्यादीत मी नातं आधी विचारू लागलो.

निवृत्तीनंतर कामठीला त्या ठाण्यातला जुना हवालदार भेटला. त्याच्याकडून कळलं, थोरला वारला. अंत्ययात्रेला दोन्ही काठांवरची गावं लोटली होती. धाकट्याने सगळं नीट पार पाडलं. परतताना मात्र तो हवालदाराजवळ आला आणि गर्दीकडे बघत म्हणाला,

"माझ्या टायमाले एवढे लोक येतील काय, साहेब?"