काळा डबा, फिकट डबा

त्यांना सगळे लालदिवे म्हणत. आडनाव वाटावं इतकं ते नाव रुळलं होतं. फोटो स्टुडिओत चाळीस वर्षं त्यांनी अंधाऱ्या खोलीत फोटो धुतले. स्टुडिओ बंद पडल्यावर घरी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत त्यांनी तसाच अंधार करून घेतला. दारावर लाल दिवा लागला की आत यायचं नाही, हा घरचा नियम. बायको सकाळ-संध्याकाळ दाराबाहेरच्या स्टुलावर चहा ठेवायची, वर बशी झाकायची आणि दार दोनदा वाजवायची.

आतून आवाज यायचा, “आलो.”

हे ‘आलो’ अर्ध्या तासाचं असायचं.

“हा चहा आहे की हात धुवायचं पाणी?”

“मी ठेवला तेव्हा चहाच होता.”

चौदा महिन्यांपूर्वी ती लेकीकडे जपानला गेली. लेकीचं बाळंतपण, तीन महिन्यांचा बेत. तीनाचे सहा झाले. मग नातीला दात आले, मग ती चालायला लागली, मग लेक पुन्हा कामावर रुजू झाली. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. दर रविवारी सकाळी फोन यायचा. “कसं चाललंय?” ती विचारायची. “उत्तम,” हे म्हणायचे. त्या उत्तममध्ये करपलेली भाजी, हरवलेली चावी आणि कपाटात घडी करून ठेवलेला तिचा राखाडी स्वेटर, सगळं मावायचं.

लेकीच्या ऑफिसातलं कुणीतरी इकडे येणार होतं, त्याच्याबरोबर बायकोने चहाचे दोन डबे पाठवले. एक फिकट हिरवा, एक काळा. सोबत तिच्या अक्षरात चिठ्ठी:

‘फिकट डब्यातला सेंचा. हा उन्हात वाढतो. उकळलेलं पाणी जरा निवू द्या, मग मिनिटभर पत्ती ठेवा. काळ्यातला ग्योकुरो. तोडणीआधी वीसेक दिवस झाडांवर आच्छादन घालतात, सावलीत वाढवतात. याला पाणी कोमटच हवं, दोन मिनिटं. उकळू नका. कोणता आवडला ते नीट सांगा. येताना तोच आणते.’

‘उकळू नका’खाली दोन रेघा होत्या. लालदिव्यांचे डोळे मात्र ‘येताना’वरून हलेनात. चिठ्ठी घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि त्याच तंद्रीत दोन्ही चहा दूध-साखर घालून खळखळून उकळले.

वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली तेवढ्यात ब्लाउजचं माप विचारायला आली होती. ते माप त्यांच्या बायकोचं होतं, आणि बायको नाही हे ती दर वेळी विसरायची. तिने कपात डोकावून पाहिलं.

“काका, गवत शिजवलंत की काय?”

“जपानी आहे.”

“मग त्यांनाच परत पाठवा.”

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी कामाला हात घातला तो कामासारखाच. फोटो धुताना ते आधी कागदाच्या एका पट्टीवर पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद असा उजेड देऊन पाहायचे आणि त्यातला नेमका पट्टा निवडायचे. तसेच आता ओट्यावर चार कप ओळीने मांडले. अर्धं मिनिट, एक मिनिट, दीड, दोन. अंधाऱ्या खोलीतली जुनी तापमापी तीनदा साबणाने धुऊन आणली. तिचे आकडे पन्नासला संपत होते. ग्योकुरोचं पाणी पन्नासच्या रेघेवर अचूक बसायचं. सेंचाचं त्याच्या कितीतरी वर, म्हणजे अंदाजपंचे.

“ती फोटोच्या औषधात बुडवायची नळी चहात?” शिवणकामवाली पुन्हा हजर.

“धुतलीय.”

“काकूंना कळलं तर तुम्हालाच धुतील.”

आठवडाभर ते चाखत होते आणि वहीत लिहीत होते. सेंचा: रंग स्वच्छ पिवळट हिरवा. पहिल्या घोटाला ताज्या कापलेल्या गवताचा वास. जिभेच्या कडेला बारीकसा तुरटपणा. झोप उडते. घोट गिळला की तोंड मोकळं. एक मिनिटाच्या पुढे गेलं की कडू. ग्योकुरो: पत्ती गडद, सुईसारखी. थोडंसंच पाणी. दाट. गोडसर, पण साखरेचा गोडवा नाही, एखाद्या सुपासारखा, कडेला खारट. चव बराच वेळ तोंडातून हलत नाही.

प्रामाणिकपणे पाहिलं तर सेंचा उजवा, असं त्यांनी सातव्या दिवशी लिहिलं. दिवसातून केव्हाही प्यावा असा, सरळ स्वभावाचा. पण डबे भलतंच सांगत होते. फिकट डबा अर्ध्यावर आणि काळ्याचा तळ दिसत होता.

कारण त्यांना ठाऊक होतं, फक्त ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. काळ्या डब्यातला चहा ओठाला लागायचा तो त्याच उष्णतेचा. बशीखाली अर्धा तास राहिलेला. पहिल्यांदा प्यायले तेव्हा त्यांची मान आपोआप दाराकडे वळली होती.

रविवारी फोन आला.

“काय ठरलं मग? फिकट की काळा?”

“काळा.”

“अगं बाई! कोमट? तुम्हाला?” ती इतकी हसली की मागे नात जागी झाल्याचा आवाज आला. “जन्मभर माझ्या नावाने खडे फोडलेत गार चहापायी!”

“चव वेगळी आहे त्याची.”

“बरं बाई. मग उद्याच पाठवते दोन डबे. इथून पार्सल आठवड्यात पोचतं.”

पाठवते. त्यांनी खिशातली चिठ्ठी चाचपली. तिथे ‘आणते’ होतं.

“पाठवू नकोस,” ते म्हणाले.

“का? आताच तर आवडला म्हणालात.”

“घेऊन ये.”

उत्तराची वाट पाहत ते सवयीने मनात आकडे मोजू लागले. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर चित्र उमटायला लागतात तेवढे झाले, त्याच्याही पुढे गेले. फोन कट झाला असावा असं त्यांना वाटलं.

“चौदा महिन्यांत पहिल्यांदा ‘ये’ म्हणालात,” तिचा आवाज आला. “दर रविवारी विचारतेय मी. तुमचं आपलं उत्तम, उत्तम. मला वाटलं, माणसाचं खरंच छान चाललंय. दाराबाहेर कुणी खटखट करत नाही, सुटला बिचारा.”

“छान नाही चाललं.”

“नाक ओढू नका. ऐकू येतं इथे.” मग लेकीशी काहीतरी पुटपुटणं, नातीचं रडणं, पुन्हा ती. “पुढच्या महिन्यात जावयाला सुट्टी आहे, बाळाला तो बघेल. मी निघते. पण चहा तुम्ही करायचा.”

“करीन. तापमापी आहे.”

“आणि त्या अंधाऱ्या खोलीत मी बसणार, पाय पसरून. तुम्ही बाहेर स्टुलावर कप ठेवायचा आणि दार वाजवायचं.”

“दोनदा?”

“दोनदा. आणि मी काही अर्धा तास लावणार नाही.”