‘उडती तबकडी’चे केशवमामा

केशवमामा गेल्याचा फोन मामींनीच केला. रडून झालेला, कोरडा आवाज. “मामा गेले गे… झोपेतच गेले,” म्हणाल्या, आणि थोडं थांबून, “इथल्या मराठी मंडळानं शोकसभा ठेवलीय. अध्यक्ष म्हणून प्रोफेसरांना बोलावलंय. तू ये, पण भांडू नको.” पहिल्या बातमीनं मी मटकन खाली बसले. दुसरीनं उठून उभी राहिले.

त्या प्रोफेसरांचं नाव मी इथं लिहिणार नाही. भीड म्हणून नाही. ही जागा मामांची आहे, आणि मामांची जागा त्यांनी एकदा घेतली तेवढी पुरे.

केशवमामा माझे सख्खे मामा नव्हेत. मंडी मोहल्ल्यात आमच्या घराखाली त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि माझी आई त्यांच्याकडे हेमिंग करायची. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचे, घरात मराठी, ओट्यावर कन्नड, भांडताना दोन्ही. मामा सातवीपर्यंत शिकलेले. रद्दीवाल्याकडे कधीकधी विज्ञानकथांची जुनी इंग्रजी मासिकं यायची… मुखपृष्ठावर लाल आकाश, चांदीची यानं, शेपटीवाली हिरवी माणसं. मामांना इंग्रजी जेमतेम यायचं. ते मुखपृष्ठ समोर टेकवून ठेवायचे, दिवसभर कापड कापता कापता त्याच्याकडे बघायचे आणि त्या चित्रातून स्वतःची गोष्ट काढायचे, मराठीत. आतली खरी गोष्ट काय होती हे त्यांना कधी कळलं नाही आणि त्याचं दुःखही नव्हतं. या गोष्टींचं त्यांनी हस्तलिखित मासिक काढलं. नाव ‘उडती तबकडी’. प्रत्येक अंकाची प्रत एकच. ती वाचायला कुणाला घरी मिळायची नाही, दुकानात येऊन ऐकायची.

शनिवारी संध्याकाळी मशिनी बंद व्हायच्या. काज-बटण करणाऱ्या नागूबाई, इस्त्रीवाले, आसपासच्या शाळकरी पोरी, पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा गठ्ठ्यांवर बसायचं. मामा वाचायचे आणि शेवटाच्या जरा आधी थांबायचे. हा तिथला नियमच होता. वाचणारा थांबला की ऐकणाऱ्यांनी पुढचं बोलायचं. ज्याचा शेवट सगळ्यांना पटेल तो मामा मासिकात लिहून टाकायचे, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून तो मोठ्यानं म्हणायचा. मग नवी गोष्ट.

मामांचं विज्ञान कच्चं होतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगायची. मी तेव्हा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सला. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली आणि मला त्याचा गर्व होता, आजही आहे. मामांनी चंद्रावरच्या शिंप्याची गोष्ट लिहिली. चंद्रावर वस्ती झालीय, तिथं एक शिंपी आकाशवीरांचे पोशाख शिवतो. एकदा तो जोडीदाराबरोबर बाहेर पडतो. रेडिओ बिघडतो, आणि जोडीदार धुळीनं झाकलेल्या खड्ड्याच्या दिशेनं चालू लागतो. शिंपी जोरात ओरडतो…

“मामा, ओरडून उपयोग नाही,” मी म्हटलं. “तिथं हवा नाही. आवाज जाणारच नाही.”

“अय्यो! मग तिथं राहणाऱ्यानं बायकोला हाक कशी मारायची?”

“मारू नये की. बायको सुखी,” नागूबाई म्हणाल्या.

“हसू नका गे. ही शिकलेली आहे, हिलाच सांगू दे. आठवडा दिला तुला.”

पुढच्या शनिवारी मी शेवट घेऊन गेले. तिथं हवा नाही म्हणून आवाज जात नाही, पण काचेला काच टेकली की जातो. शिंपी धावत जाऊन जोडीदाराला धरतो, त्याच्या हेल्मेटला आपलं हेल्मेट टेकवतो आणि बोलतो. मामांनी तिथल्या तिथं मासिक उघडलं. मग त्यांनी त्या शिंप्याच्या तोंडी आपल्या भाषेतलं, ‘ये’ला कन्नड ‘बा’ म्हणणारं वाक्य घातलं: “बा हिकडं, डोस्क्याला डोस्कं लाव, मग ऐकू येतंय.” पुढे कितीतरी महिने कुणी कुणाचं ऐकलं नाही की दुकानात हेच वाक्य ऐकवलं जायचं. पुढे मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. त्याचं श्रेय कॉलेजला देतात लोक. देऊ देत.

प्रोफेसर महाराष्ट्रातून बदलीवर आलेले, विज्ञानाचे. पँट अल्टर करायला आले आणि शनिवारच्या वाचनात अडकले. पुढे दर शनिवारी. मामांना कोण आनंद! एवढा शिकलेला माणूस आपलं ऐकतो म्हणून त्यांना लाकडी खुर्ची, आम्हांला गठ्ठे. एक दिवस ते म्हणाले, “केशवराव, हे छापलं पाहिजे. द्या, मी पुण्याला दाखवतो.” मामांनी ‘उडती तबकडी’चे सगळे अंक कापडात बांधून दिले. ते अंक परत आले नाहीत. आलं ते पुस्तक. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर प्रोफेसरांचं नाव, आणि प्रस्तावनेत ‘मैसूरच्या एका हौशी वाचकाचे’ आभार. आमची भाषा धुऊन, कडक इस्त्री करून आत घातलेली. नावाजलं गेलं ते पुस्तक. मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “कागद चांगला आहे.”

मी जाऊन जाब विचारणार होते. मामांनी हात धरला. “सुम्मे रहा. तू नोकरी करणारी पोर आहेस, तो मोठा माणूस आहे.” गप्प बस म्हणाले, म्हणून बसले. पण त्या शनिवारी मशिनी बंद झाल्या नाहीत. नंतर कुठल्याच शनिवारी झाल्या नाहीत. प्रोफेसर मात्र पँटी शिवून घ्यायला येत राहिले आणि मामा शिवून देत राहिले. यानं माझा जास्त जळफळाट व्हायचा. चोर दारात येतो, आणि तुम्ही त्याची कंबर मोजता?

शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. समोर सगळी आमचीच, दुकानातल्या शनिवारची माणसं. प्रोफेसर पांढऱ्या सदऱ्यात उभे राहिले. केशवराव माझे पहिले श्रोते होते, म्हणाले. माझ्या एका कथेचा शेवट त्यांना फार आवडायचा, तो वाचूनच श्रद्धांजली वाहतो. आणि पुस्तक उघडून त्यांनी चंद्रावरच्या शिंप्याची गोष्ट वाचायला घेतली. चांगलं वाचतात, खोटं का बोलू. शिंपी धावत निघाला… जोडीदाराचा खांदा त्यानं पकडला… आणि प्रोफेसर थांबले. परिणामासाठी थांबले असतील. पण त्या हॉलमध्ये वाचणारा थांबला की काय करायचं, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. नागूबाई आता पार थकल्यात, दिसत नाही नीट. त्याच आधी बोलल्या, सवयीनं. “बा हिकडं…” आणि मागून अख्खा हॉल: “डोस्क्याला डोस्कं लाव, मग ऐकू येतंय!”

प्रोफेसरांच्या पुस्तकात तिथं ‘आपण शिरस्त्राणे परस्परांना भिडवू या’ असं आहे. ते त्यांच्या तोंडातून निघालंच नाही.

मामींकडे न बघता मी उठले. “सर, हा शेवट माझा आहे. मी पीयूसीला असताना सांगितलेला. बाकीची गोष्ट मामांची.”

“अहो, कथाबीजं अशी लोकांत फिरतच असतात,” ते म्हणाले. “लोककथेसारखी.”

“चंद्रावरच्या शिंप्याची लोककथा कुठल्या गावची, सर?”

“बेट्टदपुरची असेल,” मागून इस्त्रीवाले म्हणाले. “तिथला डोंगर चढलं की चंद्र जवळ पडतो.” शोकसभेत हसू नये. लोक हसले. प्रोफेसर पुस्तक मिटून खाली बसले आणि आभाराच्या आधीच निघून गेले. लोक मला म्हणतात, मेल्या माणसाच्या सभेत हे शोभलं का? शोभलं. जिवंतपणी त्यांचं तोंड बंद केलं होतं, मग मेल्यावर तरी कुणी बोलायला नको?

परवा दुकानात गेले होते. आता गणेश, मामांचा मुलगा, बसतो. भिंतीवर खिळ्यांना गिऱ्हाइकांचे खाकी कागदी बेत, म्हणजे मापाप्रमाणे कापलेले नमुने, टांगलेले. त्यातला एक त्यानं काढून माझ्यापुढे पसरला. “अक्का, प्रोफेसरांचा. बाबा जायच्या आधीच त्यांनी कापड देऊन ठेवलंय, शिवून द्यायला हवं. पण हा खिसा बघ.” पँटचा बेत मोठ्या माणसाचा, आणि खिशाचा तुकडा लहान पोराच्या चड्डीचा. चार बोटंही धड आत जाणार नाहीत एवढा उथळ.

“बाबा चुकले असतील म्हणून मी एकदा मोठा कापला,” गणेश म्हणाला. “तर माझ्यावर ओरडले. त्या पुस्तकानंतरच्या प्रत्येक पँटला हाच. बाकी पँट अशी बसायची की तो माणूस दुसऱ्या शिंप्याकडे जाईना. आणि खिशातलं पाकीट, किल्ल्या, सगळं वर्षानुवर्षं सांडत फिरला.”

मी तिथंच गठ्ठ्यावर बसले आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले… आणि हसलेही. मला वाटायचं, मामांनी त्याला माफ केलं.

“मग काय करू?” गणेशनं कात्री हातात धरून विचारलं. “खिसा मोठा करू?”

“बाबांच्याच बेतानं काप,” मी म्हटलं.