न वाजलेला सहावा सुरुंग

पाच बार झाले. सहावा झालाच नाही.

हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही मोजत होतो. आम्ही दोघं आणखी थोडं थांबलो, उगाच, म्हणजे मोजण्यात चूक झाली असेल तर कळावं म्हणून. विहिरीतून नुसता धूर वर येत होता.

"एक राहिला, साहेब," हुसेनभाई म्हणाले.

सुरुंग म्हणजे कातळात पाडलेलं खोल भोक. त्यात दारू ठासायची, वर माती दाबायची आणि वात बाहेर सोडायची. वाती पेटवून माणूस वर येतो आणि बार मोजतो. भरलेले आणि वाजलेले जुळले, तरच खाली उतरायचं. नाही जुळले, तर फुटलेल्या दगडांच्या ढिगाखाली एक सुरुंग जिवंत आहे असं धरून चालायचं. पहारीची एक ठिणगी त्याला पुरते.

मी तेव्हा डेव्हलपमेंट ब्लॉकचा ओव्हरसिअर होतो. हुसेनभाई आमचे ब्लास्टर, श्रीवर्धनकडचे. काम दिघीच्या खाडीजवळ होतं. वर कातळावर शेतकऱ्यांची कोंडवाडी, खाली किनाऱ्याला कोळ्यांची बंदरवाडी. पावसाचं सगळं पाणी कातळावरून सरळ खाडीत जाई आणि शिमगा झाला की दोन्हीकडचे हंडे कोरडे. कोंडवाडीच्या बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जात. बंदरवाडीचे लोक होडीने आगरदांड्याहून पाणी आणत. म्हणून दोन्ही वाड्यांच्या मधोमध एक विहीर काढायचं ठरलं. दारू, सिमेंट आणि आम्ही दोघं सरकारचे. अंगमेहनत लोकांची. एक दिवस कोंडवाडी उतरणार, एक दिवस बंदरवाडी. ऑफिसात याला लोकसहभाग म्हणत. जागेवर त्याचा अर्थ एवढाच, की रोज सकाळी पाळीवरून वाद.

त्या दिवशीची भोकं बंदरवाडीने पाडली होती. दुसऱ्या दिवशी ढीग उपसायचा होता कोंडवाडीने.

कोंडवाडीचे पुढारी गोविंद पाटील काठावर आले. "त्यांचा सुरुंग हाय, त्यांनी काढावा. माझी मानसं उतरायची न्हाईत."

"आमची पाली झाली," बंदरवाडीचा पांडू म्हणाला. "उद्याची तुमची."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मरायची पाळी कोणाची, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

तेवढ्यात बीडीओ साहेबांची जीप आली. बीडीओ म्हणजे ब्लॉकचा मुख्य अधिकारी. त्यांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं.

"उद्या कलेक्टर साहेब बघायला येतायत. तळाला ओल लागली आहे, असं मी अलिबागला कळवून बसलोय. ढीग आजच काढा."

"खाली सुरुंग आहे, साहेब," मी म्हणालो.

"वात विझली असेल हो. तासभर थांबा आणि उतरवा माणसं."

"विझलेली वात आणि धुमसणारी वात वरून सारखीच असते," हुसेनभाई म्हणाले.

"मग उपाय काय?"

"पाणी. ढीग बुडेल इतकं पाणी ओतायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. दारू भिजली की तिची माती होते. मग सकाळी हाताने दगड काढायचे. लोखंड लावायचं नाही."

ऐन वैशाखात, जिथे प्यायला पाणी नाही तिथे, विहिरीत पाणी ओतायचं होतं.

"खारीचा आनू," पांडू खाडीकडे हात करून म्हणाला. "हवा तेवरा हाय."

गोविंद पाटलांनी मान हलवली. "प्यायच्या हिरीत पहिलंच पाणी खारं? तसली हीर आमाला नको."

मी सांगितलं, नंतर ते उपसून टाकू, विहिरीला काही होणार नाही. शिकलो तसं सांगितलं. कोणालाही ते पटलेलं दिसलं नाही. पांडूसुद्धा खाली बघायला लागला. त्यालाही पाटलांचंच म्हणणं पटलं होतं.

साहेबांचा धीर सुटला. "उतरा रे कोणीतरी. जबाबदारी माझी."

साहेबांची जबाबदारी काठावरची होती. तरी पांडू पुढे झाला. कोळी भितात असं कोंडवाडीने म्हणू नये, एवढंच त्याच्या डोक्यात असावं. त्याने पहार उचलली आणि दोर कमरेला बांधायला घेतला. मी दुसऱ्या टोकाचा दोर हाताला गुंडाळून जमिनीवर बसलो.

"मी दोर खाली सोडणार नाही," मी म्हणालो.

"उद्यापासून या साइटवर दिसू नका," साहेब म्हणाले.

"चालेल. आज मात्र आहे."

नवं लग्न, नवी नोकरी. साहेबांनी मनावर घेतलं असतं तर दोन्ही अडचणीत आली असती.

गर्दीतून पांडूची बायको तानीबाई पुढे आली. तिने आधी नवऱ्याच्या हातातली पहार काढून घेतली. मग साहेबांकडे न बघता मला विचारलं, "गोरा पानी चालल ना?"

गोडं पाणी चालेल, मी म्हणालो.

ती उताराने खाली गेली. दुपारीच त्यांची होडी आगरदांड्याहून पाणी घेऊन आली होती. ती डोक्यावर भरलेला हंडा घेऊन परत आली. काठावर उभी राहिली आणि सगळा हंडा तिने खाली रिकामा केला. पाणी दगडांवर आपटल्याचा आवाज वर आला. बघणाऱ्या बायकांपैकी एकीने तोंडाला पदर लावला. तानीबाई पुन्हा उतार उतरू लागली. तिच्यामागे बंदरवाडीच्या आणखी बायका निघाल्या.

गोविंद पाटील बघत उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी आपल्या सुनेला हाक मारली. "घरातलं रांजण मोकळं करा. शेजारी पन सांगा."

मग वरूनही हंडे यायला लागले. साहेबांच्या ड्रायव्हरने जीपचा रेडिएटरसाठी ठेवलेला डबा आणून ओतला. साहेबांनी त्याला अडवलं नाही. ढीग बुडाला तेव्हा दिवस मावळत होता. त्या रात्री दोन्ही वाड्यांत बहुतेक घरी चूल पेटली नसावी.

सकाळी हुसेनभाई आणि मी उतरलो. पांडू आला, आणि गोविंद पाटील स्वतः आले. गुडघाभर पाण्यात आम्ही एकेक दगड हाताने उचलून टोपलीत ठेवला. कोणी खोकलं तरी बाकीचे थबकत. शेवटी भोक सापडलं. शेजारच्या बारातल्या दगडाने वात मध्येच तुटली होती. हुसेनभाईंनी लाकडी काठीने हळूहळू माती उकरली. आतून काळा चिखल आला. त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला.

"मेली," ते म्हणाले. गोविंद पाटील तिथेच पाण्यात बसले.

कलेक्टर साहेबांनी गढूळ पाणी पाहिलं आणि "छान, पाणी लागलेलं दिसतंय," म्हणाले. ते पाणी कोणाचं, हे सांगायच्या फंदात कोणी पडलं नाही. माझी बदली झाली नाही. आणखी खाली गेल्यावर झरा लागला, बेताचा, पण गोडा. पाण्याच्या पाळीवरून पुढेही भांडणं झाली. विहीर मात्र दोघांची राहिली.

त्यानंतर विहिरीच्या प्रत्येक एस्टिमेटमध्ये मी "विहिरीत ओतण्यासाठी पाणी" अशी एक बाब टाकत असे. ऑफिस दर वेळी ती खोडत असे. विहीर खोदायला आधी पाणी लागतं, हे निवृत्त होईपर्यंत मी त्यांना पटवू शकलो नाही.