भिंतीवरची आई

शिरूर कासारला आमचं किराणा दुकान होतं, म्हणजे खरं तर आईचं होतं. माल आप्पा आणायचे, पण गल्ल्यावर मांडी घालून बसायची ती. रस्त्यापलीकडं, अगदी नजरेसमोर, काकांच्या गोदामाची कोरी भिंत. वाटणीत दुकान आम्हाला आलं, गोदाम काकांना. "भिंत त्येंची, आन दिसभर बघायची आमी," असं आई चिडवायची आणि काका हसायचे.

एका दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असताना पुण्याहून एक मुलगी आली. बंद घरांच्या भिंती रंगवत हिंडायची. कशासाठी, ते कोणालाच नीट कळलं नाही. आईनं ते विचारलंही नाही, रोज भाकरी तेवढी खाऊ घातली. जाण्याआधी त्या मुलीनं काकांना विचारून गोदामाच्या भिंतीवर आईच काढली. मांडी घातलेली, हातात गुळाचा खडा, गिऱ्हाइकाला काहीतरी लागट बोलून स्वतःच हसणारी. पुढचा पडलेला दातही तसाच. "आगं, येवढा रंग घालवलास, येक दात बशिवला असता तर काय बिघडलं असतं?" आई म्हणाली. पण त्या दिवशी हसताना तिनं एरवीसारखा पदर तोंडाशी नेला नाही.

पुढं आई गेली. फ्रेमच्या फोटोत फोटोवाल्यानं तिला गोरी केली, दात बसवला, कोणाची तरी पैठणी नेसवली. त्या फोटोला आम्ही हार घालतो. ती बाई कोण, हे आम्हा बापलेकीला अजून उमगलेलं नाही. आप्पांसाठी आई समोरच्या भिंतीवरच होती. सकाळी कपाळाला विभूती लावून ते गल्ल्यावर बसायचे आणि तिकडं बघून सांगायचे, "तूर चढली बरं का." मी सासरहून, नांदूरघाटहून आले की मीही आधी भिंतीकडं बघायची, मग घरात जायची.

मग त्या मुलीचा भाव वाढला. तिनं रंगवलेलं दुकानाचं एक शटर परदेशात लिलावात लाखोंना गेलं, ते मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलं. गावात गाड्या यायला लागल्या. लोक आईसमोर उभे राहून फोटो काढायचे. गुळाचा खडासुद्धा कोणी विकत घेत नव्हतं. शेवटी मुंबईहून एक माणूस आला, भिंतीवर बोटं वाजवून पोकळ कुठं ते बघून गेला, आणि भिंत कापून न्यायचा त्यानं काकांना जो आकडा सांगितला तो ऐकून काका ओट्यावर बसलेच.

काका वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ते आप्पांकडं आले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "दादा, तू ठिव म्हन, म्या ठिवतो. पर पोरगा आन सून यंदाबी कोयता घिऊन निघालेत, लेकराला घिऊन. हे पैसे आले तर त्येंचं जाणं थांबल."

आप्पांनी ती टोपी काकांच्या डोक्यावर परत ठेवली. त्या नातवाला त्यांनीच खांद्यावर खेळवलेलं.

मी त्या मुलीला फोन लावला. तिला सगळं आठवत होतं, आईच्या हातचा ठेचासुद्धा. ती फोनवर रडली. "ताई, भिंत माझी नाही. मला तर कोणी विचारलंही नाही," म्हणाली. ज्या हातानं काढलं त्या हातालाही काही बोलता येत नाही, असला हा बाजार. माझं डोकं फिरलं. आप्पांना म्हटलं, "पांढरा रंग आणते आणि फासून टाकते. मग बघू कोण घेतं!"

"आन मग म्या काय बघू?" आप्पा म्हणाले. मग म्हणाले, "आन ते लेकरू उसात जाईल, ते येगळंच."

कापायला माणसं आली त्या दिवशी मी शिरूरलाच होते. त्यांनी आईच्या तोंडावर कापड चिकटवलं, वर फळ्या ठोकून पेटी केली. पाणी मारत यंत्र फिरलं, राखाडी चिखल रस्त्याच्या गटारीपर्यंत आला. आप्पा दिवसभर दुकानात पाठ करून बसले, साखरेच्या पुड्या बांधत. क्रेननं पेटी उचलली तेव्हा मात्र ते उठून बाहेर आले. ट्रकवर पेटी आडवी टाकायची तयारी चाललेली दिसली आणि ते एकदम पुढं धावले.

"आडवी टाकू नगा वो! आमच्यात आडवं न्हाई नेत."

मुंबईचा माणूस माझ्याकडं बघायला लागला. मला सांगावं लागलं, की आमच्यात माणूस गेलं की मांडी घालून बसवतात, तसंच मिरवत नेतात आणि खड्ड्यातही बसवूनच ठेवतात. आईलाही आम्ही तसंच नेलं होतं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग मान वर करून रस्त्यावरून गेलेल्या विजेच्या तारा दाखवल्या. उभी पेटी त्यांना लागणार होती. काका बांबू घेऊन धावले, तारा उचलून बघितल्या, पुरेना. क्रेनवाला खोळंबला होता.

आप्पांनी एकदा तारांकडं बघितलं, एकदा पेटीकडं. मला वाटलं, आता ते ट्रकसमोर आडवे पडतील. पडले असते तर मीही पडले असते.

त्यांनी हात जोडले.

"मग हळू टेकवा," म्हणाले.