धाकटीचा रिपोर्ट साफ

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

आमची आई आतड्याच्या कॅन्सरने गेली, म्हणून आम्ही दोघी बहिणींनी रक्त तपासून घेतलं. आईकडून आलेला जीनमधला दोष माझ्यात निघाला. धाकट्या कुसुमचा रिपोर्ट साफ! बाई लगेच आमच्या रामघाट वस्तीभर पेढे वाटत सुटली.

मला म्हणते, "ताई, तोंड गोड कर."

म्हटलं, "आईचा गोरा रंग तुला, पाटल्या तुला, आणि हे तेवढं मला?"

दोष म्हणजे कॅन्सर नव्हे, आतडं दुर्बिणीने वेळोवेळी तपासायचं. मी तपासेन. पण माझ्या लेकीतही तो असू शकतो, आणि ती तपासणीच नको म्हणते. नातीचं लग्न अडेल म्हणे! कुसुमच्या पोरांना ही भानगडच नाही.

लग्नाआधी मंगळ सगळेच बघता ना? मग रक्त बघायला लाज कसली, सांगा.