तू म्होरं हो

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारी बाई. वस्तीवर कुणाच्या अंगात आलं, तरी माझं लक्ष तव्यावरच्या भाकरीकडं. म्हणून हे कुणाला सांगितलेलं नाही. तोंडानं सांगायला जमणारही नाही... चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहून ठेवते आहे.

वडूजच्या बाहेर, माळाला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. मी आणि माझी मुलगी अश्विनी, दोघीच. ती साताऱ्याला कॉम्प्युटर शिकली. एका परदेशी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात भरती निघाली, तिथं तिनं अर्ज केला. परीक्षा घरूनच झाली, पास झाली. मग मुलाखत — ती पण घरूनच. समोर माणूस नाही. लॅपटॉप प्रश्न विचारणार, हिनं कॅमेऱ्याकडं बघून इंग्रजीत उत्तरं द्यायची, ते सगळं रेकॉर्ड होणार.

"माणूसच न्हाई, मग नमस्कार कुणाला करणार गं?" मी विचारलं.

"तुलाच करते. पण तू भाईर बस. खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर बाद करत्यात."

मी दार ओढून घेतलं आणि ओट्यावर कोंबड्या हाकत बसले. भर दुपार होती, माळ समोर उघडा, चिटपाखरू नाही. आतून तिचं इंग्रजी तेवढं ऐकू येत होतं. बाहेर आली ती हसतच.

पुढच्या आठवड्यात कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. मराठीच होत्या. रेकॉर्डिंगमध्ये पुरुषाचा आवाज आहे, कुणीतरी उत्तरं सांगत असल्याचा संशय आहे, खुलासा दिला नाही तर अर्ज रद्द होईल म्हणाल्या. अश्विनी रडकुंडीला आली. कानात हेडफोन होते, मला काही ऐकू आलं नाही, हवं तर आईला विचारा, असं सांगत राहिली. तेव्हा मॅडमनी तो तुकडा लावला. अश्विनीनं फोन स्पीकरवर टाकला. मी पीठ मळत होते.

आधी अश्विनीचं इंग्रजी. ती थांबते. आणि मग अगदी जवळून, दमल्यासारखा आवाज —

"तू म्होरं हो. मी मागनं येतो."

माझा हात परातीतच राहिला.

आम्ही मेंढरंवाले. पावसाळा संपला की कोकणात उतरायचो. घोड्यावर बिऱ्हाड लादून बायकांनी आधी निघायचं, पुढच्या मुक्कामाला चूल मांडायची. पुरुष मेंढरं चारत मागून येणार. निघताना यांचं रोजचं बोलणं तेवढंच असायचं. पाटणच्या अलीकडं एका सकाळी तसंच म्हणाले. मी चूल पेटवून वाट बघत बसले. मेंढरं आली, हे आले नाहीत... रस्ता ओलांडताना ट्रक. अश्विनी तेव्हा माझ्या पाठीला बांधलेली होती. तिला तो आवाज ठाऊकच नाही. आमच्याकडं तेव्हा फोन नव्हता, त्यामुळं तो कुठं भरूनही ठेवलेला नाही. आणि ते वाक्य मी त्यानंतर कधी तोंडातून काढलेलं नाही.

अश्विनी मला खुणावत होती — रस्त्यावरचा कुणीतरी असेल म्हणून सांग. तेवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. परक्या माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. पण यांना रस्त्यावरचा कुणीतरी म्हणवेना.

"घरातलाच आवाज हाय," मी म्हणाले.

अश्विनीनं डोक्याला हात लावला.

"कोणाचा, काकू? नाव सांगा."

यांचं नाव मी लग्नात घेतलं तेवढंच.

"हिच्या वडलांचा."

"मग त्यांना फोन द्या."

"ते न्हाईत, बाई. पोर पाठीला व्हती, तवाच गेले."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मी बाहेरचा आवाज असं लिहिते. मुलाखत परत घेऊ."

परत झाली. या वेळी काही आलं नाही. अश्विनीला नोकरी लागली.

तिचं म्हणणं, माळावरनं कुणी मेंढका बोलला असेल, आपल्याकडं सगळे असंच बोलतात. असेलही. पण माळावर कुणी नव्हतं, मी बघत होते. आणि आवाज मी ओळखते. मला त्या आवाजाचं भय नाही. ते बोलून हे आले नव्हते, आता पोर म्होरं निघाली होती, आणि हे परत मागंच राहिले तर... ते भय. तिला जाऊ नको म्हणावं असं कितीदा ओठावर आलं, पण बोलले नाही.

काल स्टँडवर तिला पुण्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, "खोली मिळाली की कळवते. मग तू ये मागनं."



याचा उलगडा मला झालेला नाही, आता होईल असंही वाटत नाही. स्टँडवरून घरापर्यंत चालत आले, तर माळाच्या वाटेला लागल्यावर पाठीमागं कुणी असल्यासारखं वाटत राहिलं. मी वळून बघितलं नाही. इथं कुणी नसावं, हे तिच्या गाडीमागं गेलेले असावेत, असं मनात म्हणत घर गाठलं.